नटबाईचा झुलता पूल

आयुष्यात ती कधी नटली नाही. स्वतःच्या लग्नातही तिच्या नखांत काळं ग्रीस होतं, आणि नवरदेवाने, म्हणजे तिच्या शिंपी नवऱ्याने, ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. तरी नदीच्या दोन्ही काठांवर तिला सगळे नटबाईच म्हणत. पुलाचे नट आवळते म्हणून नटबाई. नव्या माणसाला वाटे, बाई कधीकाळी नाटकात होती की काय. मग ती समोर यायची. उंच, हाडापेराने मजबूत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर हातभर लांबीचा पाना. नाटकाचा विचार तिथेच मरायचा.

त्या भागात नदी शेतांमधून शहाण्यासारखी वाहत येते आणि अचानक खोल घळीत उतरते. अलीकडे गव्हाची शेतं, पलीकडे फळबागा आणि बाजाराचं गाव. मध्ये घळ. त्या घळीवर सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी हा झुलता पूल बांधला. दोन्ही काठांवर दगडी बुरूज, बुरुजांच्या माथ्यावरून गेलेले मनगटाहून जाड दोन तारदोर, आणि त्या दोरांना लोखंडी गजांनी टांगलेला फळ्यांचा रस्ता. गज एका बाजूला चौसष्ट, दुसऱ्या बाजूला चौसष्ट. त्यांना टांगण्या म्हणत. प्रत्येक टांगणीच्या बुडाशी एक नट. वाऱ्याने आणि गाड्यांच्या हिसक्यांनी हे नट सैल होत. एक सैल पडला की त्याचा भार शेजारच्या टांगणीवर जायचा.

"घरातल्यासारखंच आहे हे," तिचे वडील म्हणायचे. "एकाने अंग काढून घेतलं की बाकीच्यांचं कंबरडं मोडतं."

वडील पुलाचे मिस्त्री होते. दोन मुलीच. धाकटी उंचीला भ्यायची, म्हणून थोरली त्यांच्यासोबत पुलावर जायची. टांगणी हातोडीने ठोकायची आणि कान द्यायचा, हे तिला लिहिता-वाचता येण्याआधी येत होतं. ताण नीट असेल तर टांगणी खणखणते, सैल असेल तर बद्द वाजते. वडील डोळे मिटून उभे राहायचे, ती ठोकत पुढे जायची आणि ओरडायची, "ही रुसलीय!" मग दोघं मिळून तिचा रुसवा काढायची.

ती बावीस वर्षांची असताना वडिलांच्या छातीने दगा दिला. त्यांना जिना चढवेना, बुरूज कुठला चढवणार? तिने खात्याकडे त्यांच्या जागेसाठी अर्ज केला. साहेब पाहणीला आले, अर्ज हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

"हे बाईमाणसाचं काम आहे का?"

"मला काय विचारता? पुलाला विचारा," ती म्हणाली. ग्रीसची बादली कोपरात अडकवून ती थेट तारदोरावरून चालत बुरुजाच्या माथ्याकडे निघाली. दोन्ही बाजूंना हाताला धरायला बोटभर जाडीची तार, खाली दीडशे फूट पोकळी. साहेबांनी टोपी धरली. टोपी उडण्याची भीती होती की बाई पडण्याची, हे त्यांनाच ठाऊक. "उतर! आधी खाली उतर!" ते ओरडले. "एवढं लावून होऊ दे," वरून उत्तर आलं. साहेबांनी तिला तात्पुरती म्हणून कामावर घेतलं. ती पंधरा वर्षं तात्पुरतीच राहिली.

मग चौदा कोसांची रडकथा सुरू झाली. खालच्या अंगाला सात कोसांवर खात्याने सिमेंटचा नवा पूल बांधला, सपाट, रुंद, ट्रक जातील असा. चांगलाच होता. पण जुना पूल त्याच आठवड्यात बंद केला. दोन्ही तोंडांना लोखंडी दारं बसवली आणि कुणी ओलांडू नये म्हणून मधल्या चाळीस फुटांच्या फळ्या उचकटून नेल्या. समोर दिसणारं बाजाराचं गाव आता सात कोस जाऊन सात कोस परत यावं तेव्हा गाठायचं. तिची धाकटी बहीण तिकडेच दिलेली. तिच्या अंगणातले वाळत घातलेले कपडे इकडून मोजता यायचे, आणि भेटायचं म्हटलं तर अख्खा दिवस जायचा.

नोकरी गेली. खात्याचा माणूस हत्यारं परत घ्यायला आला. तिने हातोडी दिली, बादल्या दिल्या, दोरखंड दिलं.

"पाना?"

"हरवला."

पाना तिच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होता. माणसाने त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर 'हरवला' असं लिहून घेतलं. काही माणसं शहाणी असतात.

त्यानंतर सत्तावीस वर्षं तिने पुलाचं काम केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. आठवड्यातून दोन सकाळी ती दाराच्या बाजूच्या फटीतून अंग चोरून आत शिरायची. मधल्या उघड्या चाळीस फुटांत फळ्या नव्हत्या, नुसत्या वीतभर रुंदीच्या लोखंडी तुळया होत्या. त्यावरून ती पलीकडच्या अर्ध्या भागात जायची; तिकडच्या दाराला फट नव्हती, म्हणून बाहेर मात्र पडता येत नसे. ग्रीस ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिककडून यायचं. बदल्यात त्याच्या कामाच्या कपड्यांची गुडघे-कोपरं शिंपी शिवून द्यायचा.

"अगं, लोक हसतात," शिंपी एकदा म्हणाला. मशीनवरून मान वर न करता, कारण मान वर केली असती तर बोलायचं धाडस झालं नसतं.

"हसू देत की. दात त्यांचे."

"पण ज्या पुलावरून कोणी जात नाही, त्याचे नट आवळून उपयोग काय?"

"अहो, तुम्ही गिऱ्हाइकांचे कोट शिवून खुंटीला लावता. गिऱ्हाईक वर्षभर येत नाही. म्हणून तुम्ही काज करायचं सोडता का?"

शिंप्याने सुईत दोरा ओवला. या बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंतीला काही होत नाही, हे त्याला लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कळलं होतं.

तरुण पोरापोरींना तर ती वेडीच वाटायची. ज्यांनी पूल चालता पाहिला होता त्यांतले बरेच एकेक करून गेले. नव्यांना पूल म्हणजे घळीवरचं एक जुनं लोखंड. आणि लोखंडावर एक दिवस कुणाची तरी नजर पडणारच होती.

ती चौसष्ट वर्षांची झाली त्या साली दारावर कागद चिकटला. पूल धोकादायक झाला आहे, सबब पाडून टाकण्यात येत आहे. तारीख दिली होती. तिने तीन अर्ज पाठवले. एकाचं उत्तर आलं: 'आपला पुलाशी संबंध काय, ते कळवावे.' स्वतः वाचून पटेना, म्हणून तिने ते शिंप्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि म्हणाली, "कळवते."

ठरल्या सकाळी ठेकेदाराची गाडी आली. गॅसची नळकांडी, कापायची हत्यारं, आठ मजूर, एक मुकादम. सोबत खात्याची इंजिनिअर होती, तिशीची, पायात नवे बूट, डोक्यावर पिवळं हेल्मेट. मुकादमाने दार उघडलं, वर पाहिलं आणि तोंडातली शिट्टी गिळली. अलीकडच्या बुरुजाच्या माथ्यावर, जिथे तारदोर दगडावर टेकतो तिथे, नटबाई बसली होती. मांडीवर पाना, बाजूला पाण्याची बाटली.

"ओ बाई! खाली या! दोर कापायचाय!"

"काप की. मी कुठे धरलंय?"

"तुम्ही वर असताना कसा कापू?"

"ते तुझं तू बघ. मी माझ्या कामाच्या जागेवर बसलेय."

मुकादमाने हवालदाराला बोलावलं. हवालदाराने बुरुजाच्या पायऱ्या पाहिल्या, त्यानंतरचा चढ पाहिला, स्वतःचं पोट पाहिलं, आणि खालूनच कायदा समजावून सांगितला. नटबाईने सगळा ऐकून घेतला आणि विचारलं, "झालं?" एव्हाना शिंपी धापा टाकत पोचला होता. गर्दी जमली होती. सगळ्यांना वाटलं, आता हा बायकोला समजावणार.

त्याने तोंडाशी हात धरले. "अगं! डबा वर पाठवू का?"

"पाठवा! आणि टोपीही, ऊन चढलंय!"

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा लोक तिच्या बाजूने हसले.

डबा घेऊन वर गेली ती इंजिनिअर. कुणी सांगितलं नव्हतं तिला. पायऱ्या संपल्यावर शेवटचे दहा फूट लोखंडी शिडी होती. एकेक दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरत ती चढली. वर येऊन ती दगडाला पाठ लावून बसली, खाली न बघता.

"मावशी, मला हे आवडत नाहीये," ती म्हणाली. "पण पूल खराब झालाय. अहवालात तसं लिहिलंय."

"मावशी म्हणू नकोस. मिस्त्री म्हण. अहवाल लिहिणारा पुलावर आला होता?"

इंजिनिअरने डबा पुढे सरकवला.

"लांबून फोटो काढून गेला. मी बघत होते, वांग्याएवढा कॅमेरा होता त्याचा. तू आलीस ना वर? मग आता खाली ये माझ्याबरोबर, तुला ऐकवते."

"म्हणजे तुम्ही खाली उतरणार?"

"पुलावर उतरणार. बाहेर नाही."

त्या दोघी फळ्यांवर आल्या. नटबाईने पहिली टांगणी पान्याने ठोकली. स्वच्छ, लांब आवाज घळीत गेला. दुसरी. तिसरी. इंजिनिअरने आधी सहज ऐकलं, मग पाना मागून घेतला आणि स्वतः ठोकायला लागली. विसाव्या टांगणीपाशी ती खाली बसून नट तपासू लागली. नट ग्रीसमध्ये ताजा होता. तिने बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मधल्या तुळयांपाशी येऊन ती थांबली.

"डोळे पलीकडच्या बुरुजावर ठेव," नटबाई म्हणाली. "पाय आपोआप शहाणे होतात."

झाले. पलीकडच्या तोंडाशी धाकटी बहीण उभी होती, दोन्ही हात दारात अडकवून. तिच्या मागे बाजाराच्या गावातली पंधरा-वीस माणसं. "ताई, तू त्या पोरीचा जीव का घेतेस?" ती किंचाळली.

"गप बस, मोजतोय आम्ही!"

एकशे अठ्ठावीस टांगण्यांपैकी एकही बद्द वाजली नाही. इंजिनिअरच्या चेहऱ्यावर उजेड आला होता. नटबाईने तो पाहिला आणि मनातल्या मनात छाती पुढे काढली. तेवढ्यात इंजिनिअरने विचारलं, "आणि मुळं?"

"कसली मुळं?"

"तारदोर जमिनीत जिथे घट्ट केलेत ती तळघरं. ती कधी बघितलीत?"

अलीकडचं तळघर नटबाई दर वर्षी साफ करायची. पलीकडच्याला पूल बंद करताना खात्याने कुलूप ठोकलं होतं. जाड, मोठं कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं. "कोरडी जागा आहे ती," ती म्हणाली. "वडील म्हणायचे, तिथे काही होत नाही."

पण आवाज तिचा तिलाच बद्द लागला.

धाकटीच्या नवऱ्याने घण आणून आधी पुलाच्या दाराचं आणि मग तळघराचं कुलूप फोडलं. दार उघडताच ओला, आंबट वास आला. धाकटीने घरातून कंदील आणला आणि उंचीला भिणारी ती बाई खोलीला मात्र भ्यायली नाही. पुढे होऊन पायऱ्या तिनेच उजळल्या. खाली घोटाभर पाणी होतं. भिंतीतून झिरपत होतं, किती वर्षांपासून कोण जाणे. खडकात रोवलेल्या आठ लोखंडी पट्ट्यांना उजव्या बाजूचा दोर बांधलेला होता. इंजिनिअरने खालच्या दोन पट्ट्यांवर नख टेकवलं. पापुद्रे सुटून पाण्यात पडले. आत लोखंड उरलं होतं ते करंगळीएवढं.

नटबाईने हात लावून पाहिला. सत्तावीस वर्षं ती वरून फुलं-पानं पुसत होती आणि मूळ इथे कुजत होतं. ती या दारावरून हजारदा गेली असेल. कुलूप फोडायला एक घण लागला, आणि तो घण तिला कधी सुचला नाही, कारण वडील म्हणाले होते तिथे काही होत नाही.

"अहवाल खरा निघाला," इंजिनिअर हळू आवाजात म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं.

नटबाईने वाकून पाण्यातला एक पापुद्रा उचलला. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही. मग तिने विचारलं, "किती पट्ट्या?"

"आठ."

"किती गेल्या?"

"दोन."

"मग सहा आहेत ना? तुझ्या पुस्तकात सहा पट्ट्या किती माणसं पेलतात?"

"मिस्त्री, असं नसतं…"

"कसं असतं ते सांग. माझं चुकलं. इथे यायला हवं होतं, नाही आले. पण माझी चूक म्हणून पुलाला फाशी का? गाड्या सोडू नका. बैल सोडू नका. माणसं चालतील का, एवढंच सांग. आणि चालणार नसतील तर ते वर येऊन माझ्या तोंडावर, हिशेब करून सांग. लांबून फोटो काढून नाही."

इंजिनिअरने तिथेच, पायरीवर बसून, कंदिलाच्या उजेडात कागद काढला. धाकटीच्या हाताला रग लागली, तिने कंदील या हातातून त्या हातात घेतला, पण हलली नाही. अर्ध्या तासाने इंजिनिअर म्हणाली, "दोन पट्ट्या नव्या बसवल्या, पाणी काढून दिलं, मधल्या फळ्या घातल्या, तर पायी चालणारी माणसं जातील. एका वेळी वीस."

"लिही."

"माझ्या साहेबांना हे आवडणार नाही."

"माझ्या साहेबांना मीही आवडले नव्हते. लिही."

ती पोर हसली, आणि लिहिलं. वर जाऊन तिने मुकादमाला सांगितलं की आज काम होणार नाही. मुकादम चिडला, फोनवर फोन केले, पण पाडायच्या कागदावर सही तिची लागणार होती आणि ती द्यायला ती तयार नव्हती. संध्याकाळच्या आत ठेकेदाराची गाडी नळकांड्यांसकट परत गेली.

हे इतकं सोपं नव्हतं, म्हणजे पुढचं. इंजिनिअरची वर्षभरात तीनदा बदली झाली. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला. पण आता दोन्ही काठांची माणसं जागी झाली होती. बाजाराच्या गावातल्या बायका दर सोमवारी खात्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागल्या, भाजी निवडायला घेऊन. साहेबाला आत जायला पाय ठेवायला जागा नसायची. नटबाई त्यांच्या मधोमध बसायची आणि कुणी विचारलं, "तुमचा पुलाशी संबंध काय?" तर म्हणायची, "बसा, सांगते. दोन तास लागतील."

अडीच वर्षांनी दोन नव्या पट्ट्या बसल्या. बसवणाऱ्या कामगारांच्या डोक्यावर ती उभी होती. एका बोल्टावरून तिने त्यांना दोनदा परत खाली उतरवलं. फळ्या आल्या. दारं काढली. ज्या दिवशी पूल सुरू झाला त्या दिवशी मांडव होता, खुर्च्या होत्या, भाषणं होती. तिच्या नावाची खुर्ची नव्हती. शिंप्याला फार लागलं ते. तो नवा कोट घालून आला होता.

"चला घरी," तो म्हणाला. "यांची तोंडं बघायला नकोत."

"घरी कशाला? धाकटीने जेवायला बोलावलंय. चला, पलीकडे."

भाषण चालू असतानाच तिने त्याचा हात धरला आणि दोघं मांडवाच्या मागून पुलावर निघाले. शिंप्याने जन्मात या पुलावर पाय ठेवला नव्हता. मध्यावर आल्यावर पूल किंचित हलला आणि त्याने डोळे गच्च मिटले. "अगं, हा हलतो!"

"झुलता पूल आहे, हलणारच. हलायचा थांबला की घाबरायचं." मग थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात: "अहो, डोळे उघडा. मी आहे ना."

त्याने उघडले. खाली नदी होती, दोन्हीकडे शेतं होती, समोर मेहुणी हात हलवत होती. "बरंच दिसतं की इथून," तो म्हणाला.

खात्याने पुलाला गणवेशातला रखवालदार दिला. पोरगेला, सभ्य, टांगण्यांतलं काही न कळणारा. देखभालीला कुणी नेमलं नाही. दोन महिन्यांनी नटबाईच्या नावाने पत्र आलं: 'आपण अधिकार नसताना पुलाच्या भागांना हात लावता, असे निदर्शनास आले आहे. हे त्वरित थांबवावे.'

तिने शिंप्याला मशीनवरून उठवलं, कागद-पेन दिलं आणि सांगितलं, "घ्या लिहून. एक अक्षर बदलायचं नाही."

पत्र असं होतं: "आपलं पत्र मिळालं. डाव्या बाजूची एकेचाळिसावी टांगणी सैल झाली आहे. आपला माणूस गुरुवारपर्यंत पाठवावा. आला तर मी त्याला कशी आवळायची ते दाखवीन. नाही आला तर मी आवळीन. पलीकडच्या तळघरात मी दर महिन्याला उतरते, तेही आपल्या निदर्शनास यावं म्हणून कळवते."

शिंप्याने विचारलं, "खाली 'आपली नम्र' लिहू ना?"

"नको," ती म्हणाली. "नुसतं 'मिस्त्री' लिहा."

गुरुवारी दुपारपर्यंत तिने वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग रखवालदाराला बाजूला सरकायला सांगून ती पुलावर गेली, आणि थोड्याच वेळात एकेचाळिसावी टांगणी दोन्ही काठांना ऐकू आली.